माघातली दीडहाती घळ

संक्रांत होऊन पंधरा-वीस दिवस झाले की नागपुरात माणसांच्या बसण्याच्या जागा बदलतात. तोवर सकाळी नऊला लोक उन्हात खुर्ची टाकून पेपर वाचतात. मग एके दिवशी तीच खुर्ची भिंतीच्या सावलीत सरकवलेली दिसते. थंडी गेली असं कोणी म्हणत नाही आणि उन्हाळा आला असंही नाही. स्वेटर खुंटीवर असतो, पेटीत गेलेला नसतो. रस्त्याच्या कडेला माठ मांडले जायला अजून अवकाश असतो. पंचांगात या दिवसांना माघ म्हणतात. आमच्या घरात त्यांना ‘घळीचे दिवस’ म्हणत.

यंदाही ते आले आणि ताईचा फोन आला. ती आता पंचाहत्तरीच्या पुढे आहे, नागपुरातल्याच नंदनवन भागात लेकीकडे राहते, आणि फोनवर नमनाला घडाभर तेल घालवत नाही.

“पाणी उतरलं असंन गा आता,” ती म्हणाली.

कुठलं पाणी, हे विचारावं लागत नाही.

नागपूरहून छिंदवाड्याकडे जाणारी छोटी रेल्वे जिथे सातपुड्याच्या पायथ्याशी येऊन दम घ्यायची, तिथून मैलभर आत एका नाल्यानं काळा खडक उभा चिरला आहे. ही चीर सुमारे दोन मैल लांब. सर्वांत अरुंद जागी दोन भिंतींमधलं अंतर दीड हात, म्हणून लोक तिला दीडहाती घळ म्हणत. पावसाळ्यात नाला ती भरून वाहतो. पौषापर्यंत डोहात कमरेइतकं पाणी राहतं. फाल्गुनात खडक तापतो आणि भिंतींवरची आग्या मोहोळं माणसाची चाहूल सहन करीत नाहीत. मधे माघातले तीन आठवडे उरतात. तेवढ्यात घळीतून चालत जाता येतं: खालच्या तोंडातून शिरायचं, वरच्या तोंडातून पठारावर निघायचं. धडधाकट माणसाला त्यात अवघड काही नाही.

ताई तेव्हा सव्वीस वर्षांची होती आणि मुलींच्या शाळेत भूगोल शिकवत होती. तिच्या वयाच्या तिसऱ्या वर्षी एक ताप येऊन गेला होता आणि डावा पाय मागे राहिला होता. डाव्या बुटाचा तळ पाऊण इंच जाड करून घ्यावा लागे. चार वर्षं ती फळ्यावर खडूनं व्ही आकाराची दरी काढत होती आणि नववीच्या मुली ती वहीत उतरवून घेत होत्या. एका मुलीनं विचारलं, “बाई, तुमी पाह्यली का खरी?” ताईनं नाही म्हणून सांगितलं. त्या आठवड्यात तिनं मुख्याध्यापिकांकडे अर्ज केला: नववीच्या मुलींना एका दिवसाच्या सहलीला घळीत न्यायचं आहे.

मुख्याध्यापिकांना सगळी शाळा मोठ्या बाई म्हणायची. त्या झपाट्यानं चालत आणि झपाट्यानं बोलत. त्यांनी अर्ज वाचला, मग टेबलाखालून दिसणाऱ्या बुटाकडे पाहिलं. ताईनं घरी येऊन सांगितलं ते संभाषण असं:

“मुलींचं मला काही वाटत नाही. तुमचं काय?”

“मी जाईन.”

“जाईन म्हणजे काय? बत्तीस मुली असतील. एखादी घसरली तर तुम्ही तिला सावरणार, की ती तुम्हाला? आधी तुम्ही स्वतः ती घळ पार करून या. या टोकापासून त्या टोकापर्यंत. आणि कोणी तरी पाहून लिहून द्यावं. तुमचा भाऊ वर्तमानपत्रात आहे ना? त्याला न्या. जसं दिसेल तसं लिहायला सांगा, सही करायला सांगा. मग बघू.”

शेवटच्या दोन शब्दांना शाळेत फार वजन होतं. माघ संपला की मुलींच्या परीक्षा, मग सुट्ट्या. पुढच्या वर्षी ही नववी दहावीत गेलेली असणार. घळ याच माघात झाली नाही तर फळ्यावरच राहणार होती. त्याहून मोठी गोष्ट ताईनं फक्त एकदा बोलून दाखवली, तीही भाकरी थापणाऱ्या मायच्या पाठीकडे पाहत. “एकदा नाही म्हटलं न त्याह्यनं, त मंग दरवर्षी नाहीच म्हणतीन. पाय काही बदलनार नाही.”

माय वळली नाही. “घळ पाह्यले रेल्वेनं जायचं! आपल्या गल्लीत काय कमी दगड हायेत?”

बाबा मात्र लगेच कामाला लागले. ते छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचे. कुहीकडच्या धानाच्या बांध्यांमधून ते विशीत शहरात आले आणि अठ्ठावीस वर्षं खिळ्यांच्या खणांसमोर उभे राहिले. मजकूर हाती आला की आधी त्याची मोजणी करायची, किती ओळी होतील, किती जागा खाईल, आणि मगच पहिल्या खिळ्याला हात लावायचा, ही त्यांची सवय होती. सहलीलाही त्यांनी तोच नियम लावला. प्रुफाच्या कोऱ्या बाजूवर त्यांनी रकाने आखले. गाडी इतवारी स्टेशनहून पहाटे सुटते. साडेनऊला पायथ्याच्या थांब्यावर उतरायचं. परतीची गाडी वरच्या थांब्यावर साडेतीनला, खालच्या थांब्यावर पावणेचारला. मधल्या सहा तासांत घळ बसवायची. आता एका ओळीला किती वेळ लागतो, एवढं कळायला हवं होतं. म्हणजे ताईची चाल.

ती त्यांनी सक्करदऱ्याच्या तळ्यावर मोजली. आठ-दहा दिवस रोज सकाळी ताई तळ्याला फेऱ्या घालायची आणि बाबा काठावर एका जागी घड्याळ धरून उभे राहायचे. पाण्यावरून धूर निघत असे. पलीकडच्या काठावर ताई बोटाएवढी दिसे, आणि तिची चाल तिथूनही ओळखू येई: एक लांब, एक आखूड. कपडे धुवायला आलेल्या बायांना ही रोजची करमणूक झाली होती.

“काहून वं मास्तरीनबाई, तळं पळून चाललं का?”

“तुमचं धुणं होईपर्यंत थांबतं म्हणतं,” ताई न थांबता उत्तर द्यायची.

बाबा फेरीमागे वेळ लिहायचे. पहिल्या दिवशीची आणि आठव्या दिवशीची वेळ यांत चार मिनिटांचा फरक पडला, तेव्हा त्यांनी तो आकडा दोनदा अधोरेखित केला.

घळीची लांबी सदामामानं आणली. मायचा हा धाकटा भाऊ त्याच मार्गावर गँगमन होता, घाटातल्या रुळांवर रोज चालायचा. त्याला मैल, फर्लांग विचारून उपयोग नसे. रुळांखालच्या एका स्लीपरवरून दुसऱ्या स्लीपरवर पडणारं पाऊल हेच त्याचं माप. रविवारी तो चहाची बशी हातात धरून सांगू लागला, “पहिला टप्पा तीन हजार स्लीपर. उघडा हाये, गोटे हायेत. मंग दीडहाती. ते पाचशे. तिथं पाणी. मंग चढ. चढाले स्लीपर नसते, भाऊजी. चढ म्हंजे चढ.”

“पाणी किती?”

“मले घोट्याच्या वर. तिले गुडघ्याच्या खाली.” त्यानं भाचीकडे पाहिलं. “भेव वाटून राहिलं का वं?”

“तुह्या गनिताचं वाटून राहिलं,” ताई म्हणाली.

बाबांनी स्लीपरांचे फूट केले, फुटांची मिनिटं केली, प्रत्येक अर्ध्या तासाला सात मिनिटं विसावा घातला, चढासाठी वेळ दीडपट धरली. कागद भरला. त्यात ताईच्या बुटाचा सुटा बंद, बांबूची काठी, भाकरी, जवसाची चटणी, संत्री, सगळं जिथल्या तिथे होतं. छापखान्यात त्यांनी जुळवलेल्या पानात चूक सापडत नसे, अशी त्यांची ख्याती होती.

माघातल्या दुसऱ्या रविवारी आम्ही चौघं निघालो: ताई, बाबा, मामा आणि लिहून देणारा मी.

छोट्या गाडीत खिडकीतून हात बाहेर काढला तर झुडपाचं पान तोडता येई. ती गाडी आता नाही. रूळ रुंद झाले, थांबे कमी झाले, आणि वेग असा की झाडं ओळखू येत नाहीत. त्या दिवशी ती ओळखू येत होती. पळसाला पानं नव्हती, फुलंही नव्हती. नुसत्या काळ्या, मखमली कळ्या होत्या. सागाची पानं गळत होती. सागाचं पान पडताना आवाज होतो, पत्रावळ जमिनीवर टाकावी तसा. थांब्यावर उतरल्यावर त्या आवाजाशिवाय दुसरा आवाज नव्हता.

घळीत शिरल्यावर आधी थंडी कळते. बाहेर ऊन चढलेलं असतं आणि आत कालची पहाट शिल्लक असते. भिंतींवर ओलीच्या रेषा होत्या, पुरुषभर उंचीवर वाळलेला पाचोळा अडकलेला होता. पावसाळ्यात पाणी कुठवर येतं ते त्यावरून समजत होतं. ताई दर थोड्या वेळानं थांबून खडकाच्या थरांवर हात ठेवायची. हे विसाव्याच्या वेळापत्रकात नव्हतं, तरी ती वेळेत होती. पहिल्या टप्प्याच्या अखेरीला कागदावर अकरा वाजून वीस मिनिटं लिहिली होती. ती पोचली तेव्हा अकरा वाजून एकोणीस झाले होते.

बाबा दहा मिनिटांनी आले. एका गोट्यावर बसले आणि धोतर गुडघ्यापर्यंत वर घेतलं. दोन्ही पोटऱ्यांवर शिरांच्या निळ्या गाठी टरारल्या होत्या. ते उठू लागले, अर्धे उठले, आणि पुन्हा बसले.

मामानं खिशातून कागदाची घडी काढली, उलगडली, वरपासून खालपर्यंत पाहिली. “भाऊजी, यात तिचा टाईम हाये. गाडीचा हाये. भाकरीचा हाये. तुमचा कुठं हाये?”

कागदात बाबांचा रकाना नव्हता. दिवसाला अकरा तास पायांवर उभा असणारा माणूस चालण्यात कमी पडेल, हे आमच्या घरात कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं. त्यांच्याही नाही. तळ्याच्या काठावर आठ-दहा दिवस ते एका जागी उभे होते आणि आम्ही सगळे ताईच्या पायांकडे पाहत होतो.

घळीच्या आत त्यांना एकटं सोडता येत नव्हतं. मामाशिवाय पुढची वाट कोणाला ठाऊक नव्हती. म्हणजे बाबांना घेऊन मागे फिरणारा माणूस एकच उरत होता.

“मंग लिहून कोन देईन?” ताईनं विचारलं.

मग मामा म्हणाला, “सगळेच वापस जाऊ. पुढच्या रविवारी येऊ.”

“पुढच्या रविवारी तपासणीच्या कामाले शाळेत बोलावलं हाये. त्याच्या पुढच्याले मोहोळं.” तिनं बाबांच्या पायांकडे पाहिलं, मग घळीच्या अरुंद तोंडाकडे. “बाबा, मी जाऊ का?”

“जाय वं,” बाबा म्हणाले. “इथवर काय मले पाह्यले आली?”

ती गेली. दीडहातीत शिरताना तिला आडवं व्हावं लागलं. आधी काठी गेली, मग जाड तळाचा बूट, मग ती. वळणाआड ती दिसेनाशी झाली. खडकावर काठीचा आवाज आणखी काही वेळ ऐकू येत होता.

खालच्या थांब्यावर एक कडुलिंब आणि एक बाक होता. बाबा बाकावर पाय लांब करून बसले. संत्री सोलली, खाल्ली नाहीत. अडीच वाजले, तीन वाजले. वरच्या थांब्यावर ती वेळेत पोचली की नाही, हे कळायचा एकच मार्ग होता: गाडी येईल आणि तिच्यात ती असेल किंवा नसेल. नसली तर दुसऱ्या दिवशी पहाटेपर्यंत दुसरी गाडी नव्हती.

“अठ्ठावीस वर्षं उभा रायलो मी,” बाबा पोटऱ्या चोळत म्हणाले. “मले वाटलं, पाय पक्के झाले असतीन.”

पावणेचार होऊन गेले. चार झाले. त्या अर्ध्या तासात बाबांनी घड्याळाकडे एकदाही पाहिलं नाही; आयुष्य वेळेवर पान सोडण्यात घालवलेल्या माणसानं ते उलटं करून बाकावर ठेवलं होतं. सव्वाचारला घाटातून शिट्टी आली. गाडी उतारावर हळू येते. पहिला डबा गेला, दुसरा गेला. तिसऱ्याच्या खिडकीतून बांबूची काठी बाहेर आली आणि हलली.

लुगडं गुडघ्यापर्यंत ओलं होऊन वाळलं होतं, कोपर खरचटलं होतं. गाडी उभी राहायच्या आधीच ती ओरडली, “बाबा, पाय कसे हायेत?”

“ते सोड. टाईम किती लागला?”

“चढाले तुमच्या कागदापेक्षा अकरा मिनिटं कमी.”

मामा दारात उभा होता. “भाऊजी, मले वाटलं मी हिले नेऊन राहिलो. वर गेल्यावर समजलं, हेच मले नेऊन राहिली. दोनदा म्हने, मामा, बस थोडा, तुले दम लागला.”

गाडी पुढे निघाली, तेव्हा खरा प्रश्न निघाला. बाबांना तो मोठा वाटतच नव्हता. “लिहून टाक न. आपली पोरगी हाये, खोटं थोडी बोलून राहिली? सदा साक्षीले हाये.” मामा लगेच सही करायला तयार झाला. त्याची साक्ष खरी होती आणि घळ पार झाली हेही खरं होतं. पण पाहून लिहायचं होतं, आणि पाहिलं ते अकरा चाळीसपर्यंतच होतं. बातमीदारीच्या पहिल्या वर्षात मला जे शिकवलं गेलं होतं, ते बहिणीच्या बाबतीत वापरावं लागेल असं कोणी सांगितलं नव्हतं.

ताई खिडकीबाहेर पाहत होती. सावनेरच्या अलीकडे ती म्हणाली, “तुले जेवढं दिसलं तेवढंच लिही गा. उरलेलं माह्यं हाये. मी पाहून घेईन.”

सोमवारी तिनं शाळेत नेलेला कागद जेमतेम बारा ओळींचा होता. निघण्याची वेळ, पहिल्या टप्प्याची वेळ, पाण्याची खोली, घसरण्याचे प्रसंग: शून्य. शेवटची ओळ होती: ‘अकरा चाळीसला त्या अरुंद भागात शिरल्या. सव्वाचारला परतीच्या गाडीत होत्या. मधलं मी पाहिलेलं नाही.’ खाली सही.

मोठ्या बाईंनी तो दोनदा वाचला.

“हे अर्धं आहे.”

“हो. उरलेलं विचारा.”

त्यांनी विचारलं. दीडहातीत पायाखाली वाळू की गोटे? मुलींना धरायला काय आहे? पाणी किती लांब? चढाला पायऱ्या की घसरण? एखादीला चक्कर आली तर बसवायला जागा? ताईनं खडू घेतला आणि त्यांच्याच खोलीतल्या सूचनाफळ्यावर घळीचा वरचा भाग काढला. चढावरचे चार थांबे, तिसऱ्या थांब्यावरची सपाट शिळा, डावीकडून जायचं ते झाड. तपासणीच्या गडबडीत पाऊण तास गेला. शिपाई दोनदा डोकावून गेला.

“हे तुमच्याशिवाय कोणी पाहिलं?”

“माझ्या मामांनी. ते रेल्वेत आहेत.”

“ते मामाच झाले, बातमीदार नव्हेत.” मोठ्या बाईंनी फळ्याकडे पुन्हा पाहिलं. “मला तिसरा माणूस हवा.” आणि काहीसं चिडूनच, “मीच येते. मुलींना घेऊनच. येत्या शनिवारी. मोहोळांच्या आधी.”

बाबांनी नवा कागद घेतला. या वेळी त्यात बत्तीस मुली होत्या, मोठ्या बाई होत्या, कोरड्या कपड्यांच्या पिशवीला वेगळा रकाना होता. ताईनं तो वाचला आणि वर एक ओळ स्वतःच्या अक्षरात घातली: सगळ्यांची चाल माझ्या चालीनं, माझ्या पुढे कोणी जायचं नाही. गुरुवार-शुक्रवारी शाळेआधी तिनं अख्खी नववी तळ्यावर नेली. कपडे धुणाऱ्या बाया हात थांबवून पाहत राहिल्या. बत्तीस मुली एका ओळीत, एक लांब पाऊल, एक आखूड. पहिल्या फेरीत हसू फुटत होतं. दुसऱ्या फेरीत हसायला कोणाला सवड नव्हती, कारण ही चाल दिसते तितकी संथ नसते.

माणसं एखाद्या ऋतूचं काय लक्षात ठेवतात, हे आधी ठरवता येत नाही. घळीचं वर्णन करायला लागलो तर तो खडक, तो गारवा, दीडहातीच्या वरची आकाशाची फीत हे सगळं ओळीनं सांगता येतं. पण माघात खुर्च्या सावलीत सरकल्या की डोळ्यांसमोर येतं ते इतवारी स्टेशन, त्या शनिवारची पहाट. दिवे अजून विझले नव्हते. मुलींच्या डोक्यांना रुमाल होते, पाठीला डबे. मोठ्या बाई नऊवारीखाली पांढरे कॅनव्हासचे बूट घालून आल्या होत्या. ते बूट नवे होते. फाटकापासून गाडी लांब उभी होती, सुटायला सात मिनिटं होती, आणि सवयीप्रमाणे मोठ्या बाई हात हलवत झपाट्यानं पुढे निघाल्या. ओळीच्या पुढच्या टोकाला दोन वेण्यांची एक बारकी मुलगी होती. दरीबद्दल विचारणारी तीच.

“मोठ्या बाई,” तिनं हाक मारली, “तुमाले बाईच्या मागं चालाचं हाये.”

मोठ्या बाई थांबल्या. वळल्या. ताई काठी टेकत येत होती, एक लांब, एक आखूड. ती पुढे जाईपर्यंत मोठ्या बाई बाजूला उभ्या राहिल्या आणि मग ओळीत शिरल्या. गार्डनं शिट्टी तोंडाला लावली होती, पण वाजवली नाही. सगळी ओळ गाडीत बसेपर्यंत तो थांबला, आणि ओळीतलं कोणीही धावलं नाही.